जाम केरबा

“तुझ्या बापाला सांग, गाडी आणलीय,” हिंदुराव नलवडे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीशेजारून ओरडले.

माझे वडील त्यांच्यापासून सहा हातांवर बसले होते. वर्कशॉपच्या दारातच, पोत्याच्या घडीवर, हातात चहाची बशी. बहिरे तर ते मुळीच नव्हते. बशीतला चहा संपवून, मिशा पुसून ते माझ्याकडं बघत म्हणाले, “त्या माणसाला इचार, कसली गाडी?”

“तात्या, ते समोरच उभे आहेत.”

“दिसतंय मला. तू इचार.”

१९८६ साल होतं, दसरा नुकताच झाला होता. मी सदतीस वर्षांची होते आणि कोल्हापुरात उद्यमनगरात गिअर कापण्याचं वर्कशॉप चालवत होते. ते उभं केलं तात्यांनी, म्हणजे केरबा मिस्त्री सुतार यांनी. त्यांना मुलगा नव्हता, म्हणून मला शिकवलं. आणि मी शिकले म्हटल्यावर पुढं कुणी काही बोललं नाही. उसाच्या चरकाचे गिअर, पंपाचे, ट्रॅक्टरचे, असलं काम आमच्याकडं यायचं. शर्यतीच्या गाडीचं काम मात्र एकोणतीस वर्षांत एकदाही आलं नव्हतं, आणि त्याचं कारण आता कुबडीवर रेलून ट्रॉलीवरची ताडपत्री काढायला लावत होतं.

ताडपत्री निघाली आणि मी ती गाडी पहिल्यांदा नीट बघितली. बुटकी, उघडी, एका माणसापुरती. लष्कराच्या लिलावातलं आठ सिलिंडरचं इंजिन आणि त्याभोवती हातानं ठोकलेला पत्रा. पत्र्यावर पुसट झालेला अकरा आकडा. ही गाडी तात्यांनीच बांधली होती. शहराबाहेर कावळेमाळावर तेव्हा मातीचा लंबगोल ट्रॅक होता, अर्ध्या मैलाचा. गाड्या गोल गोल पळायच्या आणि सगळी वळणं डावीकडची. हिंदुरावांनी तिथं ही गाडी घेऊन लागोपाठ तीन वर्षं पहिला नंबर काढला. चौथ्या वर्षी, सत्तावन्न साली, तिसऱ्या वळणावर गाडी वळलीच नाही. सरळ बांबूचं कुंपण तोडून खाली ओघळीत गेली. हिंदुरावांचा डावा पाय मांडीपासून काढावा लागला आणि गाडी तेव्हापासून त्यांच्याकडं झाकून पडली; तिचं पोट कुणी उघडून बघितलं नाही.

“मागून जाम झाली,” असं त्यांनी दवाखान्यात सांगितलं आणि दोन दिवसांत ते अख्ख्या गावाला पाठ झालं. केरबा मिस्त्रीच्या कामामुळं मागची चाकं जाम झाली. त्या दिवसापासून माझ्या वडलांचं नाव पडलं जाम केरबा. मी तिसरीत होते. शाळेत मला ‘जाम केरबाची शालन’ म्हणायचे. एका पोरीला मी त्यावरून पाटी फुटेस्तोवर मारलं होतं. पुढं पुढं तर ज्यांना शर्यतीचा पत्ताच नव्हता अशी माणसंही पत्ता सांगताना ‘जाम केरबाच्या दुकानाला लागून’ असं म्हणायची, त्यात वाईट काही आहे हे ठाऊक नसताना. तात्या कधी एका शब्दानं कुणाला बोलले नाहीत. त्याचा मला हिंदुरावांपेक्षाही जास्त संताप यायचा.

“काय काम आहे, दादा?” मी हिंदुरावांना विचारलं.

“जानेवारीत कावळेमाळावर जुन्या गाड्यांचा मेळावा हाय. क्लबवाल्यांनी शर्यतपण ठेवलीय, सहा फेऱ्यांची. मी चालवणार.”

मी त्यांच्या रिकाम्या धोतराकडं बघितलं. त्यांनी ते बघितलं.

“क्लच काढून टाकायचा,” ते म्हणाले. “अमेरिकेत मातीवरच्या गाड्यांना क्लच नसतोय. गिअरबॉक्समधले बाकीचे गिअर काढायचे, वरचा एकच ठेवायचा. दांडी आत की गाडी जोडली, दांडी बाहेर की सुटली. मागनं जीपनं ढकलायचं, पळायला लागली की दांडी आत. डाव्या पायाला कामच न्हाई. जमंल का तुझ्या बापाला?”

“मला जमेल,” मी म्हणाले. “वर्कशॉप मी चालवते.”

“मग तुला जमंल का?”

नाही म्हणायचं होतं. जीभ वळलीही होती. तेवढ्यात मागून तात्यांचा आवाज आला. “त्याला सांग, जमंल.”

झालं. पुढचे अडीच महिने माझ्या डोक्याचा भुगा झाला.

हिंदुराव रोज सकाळी दहाला यायचे. जीपमधून उतरायचे, माझ्या ऑफिसातली खुर्ची बाहेर आणायला लावायचे आणि गाडीच्या उजव्या अंगाला बसायचे. तात्या डाव्या अंगाला, पोत्यावर. मधे गाडी, गाडीखाली मी. दोघंही सगळं एकमेकांना ऐकू जाईल असं बोलायचे, पण माझ्याशी.

“शालन, तुझ्या बापाला म्हणावं, दांडी उजवीकडं पायजे.”

“त्या माणसाला सांग, उजवीकडं ब्रेक हाय. पाय एक, हात दोनच. ब्रेक बाहेरनं, उजव्या हाताला. दांडी डावीकडं.”

“ऐकलं का दादा?”

“काय म्हणाला?”

“तुम्ही ऐकलंत!”

“मी कशाला ऐकू त्याचं? तू सांग.”

मग मी सांगायची. मग ते विचार करायचे. मग दुसऱ्या दिवशी येऊन म्हणायचे, डावीकडं ठीक हाय, मी रात्री विचार केला. जणू ते त्यांनाच सुचलं होतं. तात्या खाली मान घालून हसायचे आणि मला विचारायचे, “काय म्हणतोय?”

मधेच हिंदुरावांना रिव्हर्स गिअर पाहिजे झाला. “शर्यतीत मागं कुठं जायचंय?” मी विचारलं. तर म्हणाले, “मूळ गाडीला होता.” मूळ गाडीला क्लचही होता! चार दिवस त्यावर गेले. मग पहिला गिअरही राहू दे म्हणाले, चढ लागला तर. कावळेमाळ पोळपाटासारखा सपाट आहे. मी गिअरबॉक्सचं झाकण लावलं की ते उघडायला लावायचे, उघडलं की तात्या म्हणायचे, “सारखं उघडझाक केली की धूळ जातीया, त्याला कळतंय का?” आमचा टर्नर बाबालाल शिकलगार, पन्नाशीचा गंभीर माणूस, एकदा मला बाजूला घेऊन म्हणाला, “ताई, ह्या दोघांना एका खोलीत घालून कडी लावू का?” मी म्हणाले, “आधी मला बाहेर काढ.”

तरी काम होत होतं, आणि खरं सांगायचं तर काम मला आवडत होतं. गिअरबॉक्सच्या पोटातून मधली सगळी चाकं काढली. इंजिनचा शाफ्ट आणि मागं जाणारा शाफ्ट समोरासमोर आणले, आणि दोघांना जोडायला एक सरकती स्लीव्ह, म्हणजे जाड नळी कापली; आतून सहा जाड दाते. दात्यांची तोंडं थोडी तिरकी घासली, म्हणजे चालत्या गाडीत दांडी ओढली तरी ते एकमेकांत अलगद बसावेत. ती स्लीव्ह हातात घेऊन तात्यांनी बोटानं प्रत्येक दाता चाचपला. परत देताना फक्त कापडानं पुसून दिली.

खरी कटकट मागच्या एक्सलवरून झाली.

गाडीला एकच गिअर राहिला, की त्या एका गिअरनं अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर इंजिन नीट ओढलं पाहिजे. त्यासाठी मागच्या एक्सलमधली क्राऊन-पिनियनची, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या मोठ्या आणि छोट्या गिअरची जोडी बदलणं भाग होतं. मी भंगारवाल्याकडून जुन्या लष्करी ट्रकची एक जोडी मिळवून ठेवली होती. एका सकाळी दोघांना सांगितलं, “आता मागचा एक्सल उघडते.”

“नगं,” हिंदुराव म्हणाले.

“नगं,” तात्या म्हणाले.

अडीच महिन्यांत पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं होतं.

“का नको?”

“हाय तसं चालंल. मी हळू चालवीन,” हिंदुराव म्हणाले. शर्यतीत हळू चालवणार!

“तू गिअरबॉक्सचं काम घेतलंयस. तेवढंच कर,” तात्या म्हणाले.

“तात्या, तुम्हीच शिकवलंय ना, पुढचं बदललं की मागचं बघायचं?”

“शिकवलं असंल. आता सांगतोय, उघडू नको.”

“अहो पण—”

“शालन!” तात्या माझ्यावर ओरडले. मला आठवतंय तेव्हापासून ते माझ्यावर कधी ओरडले नव्हते. हिंदुरावांनी चटकन दुसरीकडं बघितलं आणि कुबडी घेऊन, उन्हात, जीपकडं निघून गेले.

मी त्या दिवशी घरी जाऊन नवऱ्यापुढं भांडी आपटली. तो एसटीत कंडक्टर. दिवसभर लोकांची भांडणं ऐकून आलेला. म्हणाला, “दोघं भीत्यात बघ कशाला तरी.” मी म्हणाले, मिस्त्री माणूस लोखंडाला भितो का? पण एक गोष्ट तेव्हा डोक्यात शिरली ती निघेना. पहिल्या दिवशी ट्रॉलीवरून गाडी उतरवली तेव्हा आम्ही ती ढकलत आत आणली होती. मागची दोन्ही चाकं मुकाट फिरत होती. जाम झालेला एक्सल फिरतो कसा? मी हिंदुरावांना विचारलंही होतं. “तेव्हा ओढून बाहेर काढताना सुटला असंल,” असं काहीतरी ते म्हणाले आणि बिडी पेटवायला लागले.

सोमवारी उद्यमनगर बंद असतं. तात्या सोमवारी वडणग्याला आत्याकडं जायचे. त्या सोमवारी सकाळी मी आणि बाबालाल वर्कशॉपचं शटर अर्धं वर करून आत शिरलो आणि एक्सल उघडला.

आतलं तेल काकवीसारखं घट्ट झालं होतं. ते काढलं, रॉकेलनं धुतलं. मी एक एक दाता बघितला. क्राऊन स्वच्छ. पिनियन स्वच्छ. कुठं ओरखडा नाही, तुटका कपचा नाही, तळाशी एक कण नाही. जे जाम होतं त्यावर खूण राहते. इथं काहीच नव्हतं.

आणि मग मला ते वेल्डिंग दिसलं.

वळणावर गाडीचं बाहेरचं चाक जास्त फिरतं, आतलं कमी. हा फरक सांभाळायला एक्सलच्या पोटात चार छोटे गिअर असतात. ते चारही एकमेकांना वेल्डिंगनं जोडून टाकले होते, म्हणजे दोन्ही चाकं एकत्रच फिरावीत. मातीवर त्यानं पकड वाढते. तशी गाडी वळवायला जड जाते, पण ज्याला सवय आहे तो वळवतो. बॅटरी धरून मी ती शिवण बघितली. माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक बसलेली, एकसारखी, कुठं भोक नाही, कुठं भेग नाही. असं गॅस वेल्डिंग मी उद्यमनगरात कुणाचं बघितलं नव्हतं.

“कुणाचं काम असंल हे?” बाबालालनं विचारलं.

मला काय माहीत. आमच्याकडं वेल्डिंग होतच नसे. माझ्या समजत्या वयापासून वेल्डिंगचं काम आलं की आम्ही ते सायकलवर बांधून दुसऱ्याच्या दुकानात पाठवत होतो. तात्यांना विचारलं तर म्हणायचे, “डोळ्याला सोसत न्हाई.”

मी तिथंच फरशीवर बसले.

दुसऱ्या दिवशी दहाला हिंदुराव आले. मी त्यांची खुर्ची बाहेर मांडलीच नाही. आत, बाकड्यापाशी मांडली. तात्यांना पोत्यावरून उठवून आत आणलं. बाकड्यावर जुनं धोतर अंथरून त्यावर तो जोडलेला गिअरांचा गठ्ठा ठेवला होता. बाबालाल मुद्दाम बाहेर चहा आणायला गेला.

तात्यांनी तो बघितला आणि ते एक पाऊल मागं सरकले. “तुला सांगितलं होतं,” ते म्हणाले.

“कुणी केलंय हे, तात्या?”

ते माझ्याकडंच बघत म्हणाले, “मी. शर्यतीच्या आदल्या दिवशी. ह्यानं सांगितलं, दोन्ही चाकं एकत्र कर. मी म्हणलं, ह्याला आठ दिवस पायजेत, सावकाश तापवून सावकाश निववायला लागतंय. हा म्हणला, उद्या पायजे. एका दुपारात केलं. ते तुटलं. कपचा क्राऊनमध्ये गेला आणि चाकं जाम झाली. माझ्या कामानं माणसाचा पाय गेला.” त्यांनी दोन्ही हात मागं घेतले. “मग परत गॅसची कांडी धरली न्हाई मी.”

एकोणतीस वर्षांत ते या विषयावर एवढं पहिल्यांदा बोलले होते.

“तात्या, बघा तरी.”

“नगं.”

“बघा म्हणते ना! तुटलेलं नाही ते!”

मी त्यांचा हात धरून त्या शिवणीवर ठेवला. अक्षरशः ओढून. त्यांची बोटं सुरुवातीला आखडलेली होती. मग हळूहळू फिरायला लागली, एका गिअरवरून दुसऱ्यावर, पूर्ण एक फेरा. मग उलट. त्यांनी खिशातून चष्मा काढला, घातला, गठ्ठा उजेडाकडं धरला. अंगठ्याच्या नखानं खवला न् खवला चाचपला.

“अखंड हाय,” ते म्हणाले. “अगं, हे अखंड हाय.”

“क्राऊनही अखंड आहे. पिनियनही. काही जाम झालं नव्हतं.” मी हिंदुरावांकडं वळले. “दादा, गाडी मग वळली का नाही?”

हिंदुराव खुर्चीत बसले होते, कुबडी मांडीवर आडवी. त्यांनी मान वर केली नाही.

“मला वाटलं होतं, तू उघडशील,” ते म्हणाले.

“गाडी का वळली नाही?”

“गाडी वळत होती. गाडी माझं ऐकत होती.” त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की मला पुढं व्हावं लागलं. “मीच वळवली न्हाई. तिसऱ्या वळणाला लोक बसायचे. मी पहिला होतो, लई पुढं होतो. लोक माझं नाव घेत होते. मी त्यांच्याकडं बघितलं, आणि हात केला.”

“काय केलंत?”

“हात केला. असा.” त्यांनी उजवा हात वर करून हलवला, वरातीतल्या नवरदेवासारखा. मग तो हात बघून लगेच खाली घेतला. “दवाखान्यात शुद्धीवर आलो तर आमचे आबा उशाशी उभे. म्हणले, काय झालं रं? वडलांना काय सांगू, हात करत होतो म्हणून? तोंडातनं निघालं, मागून जाम झाली. एवढंच बोललो मी. बाकी लोकांनी केलं.”

मी काय काय बोलले ते सगळं आता आठवत नाही. माझी आई बाजारात खाली मान घालून चालायची, ते बोलले. शाळेतलं बोलले. मला दोन स्थळं नाकारून गेली, ते बोलले. शेवटी म्हणाले, “उठा. गाडी न्या. तुमचे नटबोल्ट पोत्यात भरून देते. ज्याच्याकडं जोडून घ्यायची त्याच्याकडं घ्या.”

हिंदुराव उठायला लागले. कुबडी सरकली, सावरली.

“हिंदबा,” तात्या म्हणाले.

आम्ही दोघंही थांबलो. तात्या सरळ त्यांच्याशी बोलले होते.

“कुठला हात सोडलास म्हणालास?”

“उजवा.”

“उजवा?” तात्यांचा आवाज चढला. “डाव्या वळणाला उजवा हात सोडलास? दोन्ही चाकं बांधलेली, स्टिअरिंग दगडासारखं जड, आणि उजवा हात सोडलास? तुला किती वेळा सांगितलं होतं! आदल्या दिवशी, हितंच उभा राहून सांगितलं, हिंदबा, आता ही हलक्या हातानं वळणार न्हाई, दोन्ही हात घट्ट ठेव. सांगितलं होतं का न्हाई?”

“सांगितलं होतं.”

“मग?”

“चुकलो मी, केरबा.”

“चुकलो म्हणं! एकोणतीस वर्षं मी ह्या हातांकडं बघत बसलोय आणि तू... हात केलास!” तात्यांनी तो गठ्ठा बाकड्यावर ठेवला, चष्मा काढला, परत घातला. मग माझ्याकडं वळून, अगदी रोजच्यासारखं म्हणाले, “क्राऊन बदल आणि एक्सल बंद कर. मेळाव्याला बारा दिवस राहिलेत.”

“मी नाही करणार!”

“काम घेतलंयस.”

“तात्या, त्यांनी काय केलं ऐकलंत ना तुम्ही?”

“ऐकलं. काम घेतलं की पुरं करायचं.”

असल्या माणसापुढं काय डोकं आपटायचं? मी हिंदुरावांकडं वळले. “ठीक आहे. करते. पण मेळाव्याला माइक असतो. शर्यतीच्या आधी तुम्ही त्यावर हे सगळं सांगायचं. सगळ्यांसमोर. नाहीतर स्लीव्ह मी तुमच्या हाती देणार नाही.”

“सांगतो,” हिंदुराव म्हणाले.

तात्या कुरकुरले, “कशाला उगं.”

“तुम्ही गप्प बसा,” मी म्हणाले. वडलांना असं मी आयुष्यात एकदाच बोलले.

मेळावा जानेवारीतल्या रविवारी झाला. तात्या आले नाहीत. गुडघा दुखतोय म्हणाले. कावळेमाळावर ऊन होतं, टँकरनं ट्रॅकवर पाणी मारलं होतं, नऊ जुन्या गाड्या उभ्या होत्या आणि माणूस मावत नव्हता. स्लीव्ह मी आदल्या दिवशीच बसवली होती. बसवल्याशिवाय गाडी तपासता येणार नव्हती. म्हणजे माझ्या हातात आता काहीच नव्हतं, आणि हे हिंदुरावांनाही ठाऊक होतं.

ते गाडीत बसण्याआधी माइकपाशी गेले. निवेदकाला वाटलं, जुना विजेता दोन शब्द बोलणार.

“मी हिंदुराव नलवडे,” ते म्हणाले. “सत्तावन साली ह्या समोरच्या तिसऱ्या वळणावर माझी गाडी बाहेर गेली. ती जाम झाली न्हवती. केरबा मिस्त्रीचं काम चोख होतं. मी लोकांना हात करत होतो. मी खोटं बोललो आणि त्या माणसाचं नाव घालवलं. चूक माझी.”

माइक खरखरला. काय होईल असं मला वाटत होतं कुणास ठाऊक. कुणीतरी शिट्टी मारली. माझ्या पुढच्या एका कॉलेजच्या मुलानं शेजारच्याला विचारलं, “कोण केरबा?” तो म्हणाला, “माहीत नाही, गाड्या कधी सुटणार?” निवेदक म्हणाला, “धन्यवाद, धन्यवाद, आता चालकांनी जागा घ्याव्यात.”

एवढंच.

माझ्या डाव्या हाताला एक म्हातारे गृहस्थ उभे होते, डोक्यावर फेटा. ते म्हणाले, “मला तवाच वाटलं होतं. मी हितंच बसलो होतो. हात केलेला बघितला मी.”

“मग तेव्हा बोलला का नाहीत?” मी जवळजवळ किंचाळले.

“मला कोण इचारतंय?” ते म्हणाले आणि ट्रॅककडं बघायला लागले.

जीपनं अकरा नंबरला मागून ढकललं. गाडी पळायला लागली, हिंदुरावांनी डाव्या हातानं दांडी आत घातली, आणि ते इंजिन जे बोललं, ते मला पायाच्या तळव्यांतून ऐकू आलं. स्लीव्ह अलगद बसली होती. सहाच्या सहा फेऱ्या गाडी पळाली. नऊ गाड्यांत सातवी आली. प्रत्येक वळणाला हिंदुरावांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. मी दुसरीकडं कुठं बघितलंच नाही.

संध्याकाळी मी घरी आले तेव्हा तात्या ओट्यावर बसले होते. चपला काढायच्या आधीच मी म्हणाले, “दादा बोलले. माइकवर, सगळ्यांसमोर.”

“बरं.”

“बरं? नुसतं बरं? तात्या, एवढं सगळं मी—”

“गाडी कशी पळाली?”

मला रडू यायला लागलं होतं, संतापानं. “तुम्हाला काहीच वाटत नाही का हो? ते काय बोलले, लोक काय म्हणाले, काहीच विचारायचं नाही?”

“लोक काय म्हणणार? त्यांना शर्यत बघायची असती.” त्यांनी सरकून मला बसायला जागा केली. “ते अखंड हाय हे तू दावलंस. माझं तिथंच झालं. आता सांग, जीपनं ढकललं तवा पहिल्यांदा काय झालं?”

मी बसले. दुसरं करणार काय? पहिल्या फेरीपासून सांगायला सुरुवात केली. कुठं इंजिन दबलं, कुठं उघडलं, चौथ्या फेरीला पुढची गाडी आडवी आली तेव्हा हिंदुरावांनी काय केलं. ते डोळे मिटून ऐकत होते. मधेच त्यांनी हात वर केला.

“थांब. तिसऱ्या वळणाला आवाज कसा होता?”

“एकसारखा.”

“सहाही फेऱ्यांना?”

“सहाही.”

“कुठं अडखळली न्हाई?”

“नाही म्हणते ना, तात्या!”

त्यांनी मान हलवली. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, “परत सांग. पहिल्या फेरीपासनं.”

मी कपाळावर हात मारला आणि पहिल्या फेरीपासनं परत सुरुवात केली.